फोटो पडायलाय, भिंत नाय

"भिंत नाय पडायली ताई, फोटो पडायलाय," असं म्हणून ते एक डोळा मिटायचे, हातातली प्लॅस्टिकची पट्टी लांब धरायचे आणि स्क्रीनवरच्या इमारतीला लावून बघायचे. मग ते मंगल कार्यालय असो, शाळा असो की कुणाच्या नव्या बंगल्याचं फाटक. पट्टी लावल्याशिवाय त्यांचा हात माउसकडे जात नसे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेलच, ज्याला चहाचा कप टेबलाच्या कडेशी समांतर ठेवल्याशिवाय चहा गोड लागत नाही. आमच्या लॅबमध्ये ते होते. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो.

लॅब औरंगपुऱ्यात, पहिल्या मजल्यावर. संभाजीनगरातले आणि आसपासच्या तालुक्यांतले फोटोग्राफर लग्नांचे, वास्तुशांतींचे, शाळांच्या गॅदरिंगचे फोटो आमच्याकडे पाठवायचे. भाऊंनी फोटो सरळ करायचे आणि मी ते अल्बमच्या पानांवर लावायचे, अशी वाटणी. त्यांची खुर्ची माझ्या डाव्या हाताला. इतकी वर्षं शेजारी बसलं की माणसाचा खोकलासुद्धा पाठ होतो. तिथीचे दिवस आले की दोघांचे डोळे चुरचुरायचे. भाऊ डोळ्यांत थेंब टाकून मान मागे करून बसायचे आणि म्हणायचे, "बेजार झालो बुवा. जगात लग्नं काऊन करतेत लोक?"

काम समजायला सोपं, करायला कंटाळवाणं. मोबाईल वर करून उंच इमारतीचा फोटो काढला की इमारत मागे रेलते. जवळून, वाइड लेन्सनं काढला की खांब पोट पुढे काढून उभे राहतात. भाऊ त्या फोटोवर बारीक जाळी अंथरायचे, आणि जे उभं असायला हवं ते जाळीच्या उभ्या रेषेत आणून बसवायचे. पण पार सरळ करायचे नाहीत. "थोडं पडू द्यावं," म्हणायचे, "पार ताठ केलं की वरून अंगावर येतं. आपल्या नजरेला थोडं पडल्याल्याची सवय असती."

वाइड लेन्सची दुसरी खोड अशी, की ती कडेच्या माणसांना फुगवते. मधले नवरा-नवरी झकास, पण कडेला उभ्या असलेल्यांची डोकी भोपळ्यासारखी. आणि ग्रुप फोटोत कडेला कोण असतं? आत्या, मावश्या आणि रुसलेले जावई. एकदा सोयगावच्या एक आत्याबाई अल्बम काखेत मारून आमचा जिना चढून आल्या. धाप लागलेली, तशाच भाऊंपुढे उभ्या राहिल्या.

"बघा हो, मी एवढी हाय का?"

भाऊंनी आधी फोटो बघितला, मग आत्याबाईंना बघितलं. खरं सांगायचं तर फरक फार नव्हता. पण भाऊ गंभीरपणे म्हणाले, "नाय आत्या. तुम्ही कडेला उभ्या राहिल्या ना, म्हणून. मधी उभं राहायचं."

"मधी कोण उभं राहू देतंय?"

भाऊंनी आत्याबाईंना बसवून चहा पाजला आणि त्यांच्यासमोर त्यांना मापात आणलं. त्या नादात मागचा मंडपाचा खांब वाकला. माणूस नीट केला की खांब वाकतो आणि खांब नीट केला की माणूस फुगतो, ही या कामातली जुनी अडचण. फोटोग्राफरनं फोनवरून कटकट केली, तर भाऊ त्याला म्हणाले, "खांबाचं काय एवढं? खांब थोडाच रुसून माहेरी जाणार हाय." आत्याबाई खूश होऊन गेल्या आणि पुढल्या महिन्यात त्यांनी कुणाबरोबर तरी बाजरीच्या खारोड्या पाठवल्या.

भाऊंना एकच बहीण, धाकटी. आई-बाप लवकर गेले, तेव्हा हिला यांनीच लहानाची मोठी केली आणि गंगापूरकडच्या एका खेड्यात लग्न लावून दिलं. घराणं मेंढरांवर जगणारं. मेव्हणे कळप घेऊन महिनोन्महिने बाहेर असायचे, म्हणून भाऊंनी तिला एक मोबाईल घेऊन दिला होता. त्यावर ती जे दिसेल त्याचा फोटो काढून दादाला पाठवायची. दारातला शेवगा, नवी चूल, पाण्याची टाकी, शेळीचं करडू. भाऊ लग्नाचं काम बाजूला सारून तो फोटो सरळ करायचे आणि तिला परत पाठवायचे. मग तिचा आवाज यायचा. भाऊ तो मोठ्यानं लावायचे, त्यामुळे आख्ख्या लॅबला ऐकू जायचा.

"दादा, पार बंगला करून टाकलास की रं माझ्या घराचा!"

आम्ही तिला कुणी पाहिलं नव्हतं, पण तिचा आवाज सगळ्यांना माहीत होता. दादा बोलला म्हणजे तिच्यासाठी विषय संपला. कोणतं बियाणं घ्यायचं, पोरीला कोणत्या शाळेत घालायचं, सगळं दादाला विचारून. मला तर कधीकधी हेवा वाटायचा. माझ्या भावानं माझा फोन उचलला तरी मी देवाला साखर ठेवते.

त्या वर्षी पाऊस लांबला. तिकडं काळी माती. पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हानं आक्रसते, वरची घरं बिचारी तिच्या मर्जीवर. एका दुपारी बहिणीचा फोटो आला आणि पाठोपाठ आवाज. "दादा, सैपाकघराची भिंत भाईर कलायली का बघ बरं. मला तर कलल्यावानी दिसायली."

भाऊ तेव्हा एका मोठ्या लग्नाच्या कामात बुडाले होते. डोळे लाल झालेले. त्यांनी पट्टी धरली, फोटो जाळीवर घेतला, भिंत पकडून सरळ केली आणि पाठवून दिली. वर बोलले, "भिंत नाय पडायली येडे, फोटो पडायलाय. मोबाईल वर करून काढलास. सरळ धरत जा की."

मी शेजारी हसले. मलाही तेच वाटलं होतं.

थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. "मंग बरं. मला उगंच भ्या वाटलं."

आणि ती त्याच स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत राहिली. आठवडाही झाला नसेल. भरदुपारी ती भिंत बाहेर गेली, पत्रे खाली आले आणि पत्र्याखालचं लाकूड तिच्या डाव्या पायावर पडलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. शेजाऱ्यांनी आधी गंगापूरला आणि तिथून इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं. जीव वाचला. पाय राहिला, पण पंजाचं पार भुस्कट झालं होतं.

मी डबा घेऊन गेले तेव्हा भाऊ तिच्या खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसले होते. प्लास्टरमधल्या पायाकडे बघत. आवाजावरून मला वाटलं होतं, चांगली धिप्पाड बाई असेल. होती एवढीशी. मला बघून तिनं तशातही पदर सारखा केला. "ह्याच का रं त्या ताई, तुझ्या शेजारी बसत्यात त्या?" मग भावाकडे वळून म्हणाली, "आन तू कशाला असं तोंड पाडून बसलायस? तुझी काय चुकी त्यात? मलाच धड फोटो काढता येत नाय."

भाऊ उठले आणि बाहेर व्हरांड्यात गेले. तिनं शिव्या दिल्या असत्या, चार दिवस तोंड फिरवलं असतं, तर ते कसेबसे पचवून उभे राहिले असते. हा समजूतदारपणा त्यांना पचला नाही. मी बाहेर गेले तर ते खांबाला टेकून रडत होते आणि आजूबाजूचे लोक, दवाखान्यात बघतात तसे, बघून न बघितल्यासारखं करत होते.

पुढं बऱ्याच दिवसांनी त्यांनी तो मूळचा फोटो माझ्यापुढे उघडला. मी नको म्हणत होते. त्यांनी पट्टी घेतली नाही, नुसतं बोट ठेवून दाखवलं.

"हा इजेचा खांब बघा. ही दाराची चौकट. ही शेजारच्या घराची कड. समदे मागं पडायलेत का नाय? समदे एकाच अंगाला. मोबाईलच्या दोषानं जे पडतं ते एकासंगं पडतं. आता ही भिंत बघा."

मी बघितलं. सगळ्या रेषा वर आतल्या बाजूला झुकत चालल्या होत्या आणि ती भिंत एकटी बाहेरच्या बाजूला निघाली होती. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

"मला दिसलं व्हतं, ताई. जाळीत बसंना ती. बाकी समदं बसलं, ही बसंना. मंग मी तिला निराळी पकडून वढली आन बसवली."



"सवय," ते स्वतःच म्हणाले आणि फोटो बंद केला.

त्यानंतर 'फोटो पडायलाय' हे वाक्य त्यांच्या तोंडातून गेलं. त्याच्या जागी दुसरं आलं. कुठलाही फोटो आला की ते फोटोग्राफरला फोन लावायचे. "मुळात कसं हाय? तुम्ही उभं राहून बघितलं का? सरळ हाय का मुळात?" लोकांना आधी गंमत वाटली, मग वैताग आला. एका लग्नाच्या फोटोत मंडपाचा खांब तिरका होता, तर यांनी थेट नवरीच्या बापाला फोन केला. तो म्हणाला, "अहो, मंडप कालच सोडला. आता मुळात काय नाय, मोकळं रान हाय." आम्ही हसलो, भाऊ हसले नाहीत. तो फोटो त्यांनी तिरकाच ठेवला.

कामं तुंबायला लागली. आमचे शेठ तसे वाईट नाहीत, बहिणीच्या दुखण्यात त्यांनी भाऊंना कधी सुट्टीला नाही म्हटलं नाही. पण एका शाळेच्या इमारतीचा फोटो भाऊंनी "बघून येतो" म्हणून दोन दिवस अडवून ठेवला, तेव्हा शेठ हात जोडून म्हणाले, "भाऊ, आपण फोटो सरळ करतो हो. पंचनामा नाही करत."

मग नवा प्रोग्रॅम आला. त्यात एक बटण. ते दाबलं की इमारत आपली आपण ताठ होते, खांब पोट आत घेतात, कडेच्या आत्याबाईसुद्धा मापात येतात. शेठनी ते कौतुकानं आम्हाला करून दाखवलं. मला वाटलं, भाऊंना वाईट वाटेल, आयुष्यभराचं काम एका बटणात गेलं म्हणून. त्यांना तसलं काही वाटलं नाही. ते पुढं वाकून बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "कुणाला इचारत बी नाय हे."

बहीण काठी घेऊन चालू लागली. पाय ओढायची, पण घरचं सगळं करायची. नवी भिंत भाऊंनी स्वतः समोर उभं राहून बांधून घेतली, सिमेंटच्या विटांची, खाली कॉलम घेऊन. गवंडी त्यांना कंटाळला होता असं ऐकलं. आणि भिंत झाली तसे बहिणीचे फोटो परत यायला लागले. आता करडू नाही की शेवगा नाही, नुसती भिंत. "दादा, बघ बरं, कलल्यावानी दिसती का?"

भाऊ फोटो बघायचे. पूर्वीसारखा आवाज मोठ्यानं लावत नसत, फोन कानाला लावून ऐकायचे. मग खुर्चीमागची पिशवी घ्यायचे. "जाऊन येतो." स्टँडवर जायचे, मिळेल त्या गाडीनं गंगापूर, तिथून पुढं जीप. संध्याकाळी परत. भिंत जशीच्या तशी असायची. पुन्हा काही दिवसांनी फोटो आणि पुन्हा पिशवी. मी त्यांना बघूनच थकायचे. त्यांच्या चपलांवर कायम तिकडची काळी माती असायची.

पुढं भाऊंनी लॅब सोडली, त्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. गंगापूरला माझ्या नात्यात एक लग्न होतं. अक्षता पडल्यावर मी भाऊंबरोबर त्यांच्या बहिणीकडे गेले. त्या दिवशीही त्यांना फोटो आलेलाच होता, म्हणून ते गंगापूरला आले होते. अंगण सारवलेलं, शेळ्या बांधलेल्या, मेव्हणे नेहमीप्रमाणे कळपामागं दूर कुठंतरी. भाऊ चप्पल न काढता थेट घरामागं भिंतीकडे गेले. बहिणीनं मला आत घेतलं, चहा टाकला आणि मागच्या दाराकडे एक नजर टाकून माझ्या कानाशी आली.

"ताई, भिंतीला काय बी झालं नाय. मीच मोबाईल तिरका धरते."

मला कळेना. "अहो, पण का? ते इतक्या लांबून येतात, जीव टांगणीला लागतो त्यांचा."

"त्यानं एकदा म्हणावं म्हणून." ती चुलीपुढं बसली होती, दुखरा पाय पुढं लांब केलेला. "पहिल्यावानी. येडे, फोटो पडायलाय, भिंत नाय. एवढंच म्हणावं. त्यानं एकदा म्हणलं ना, की माझा पाय मी इसरून जाईन बघा. पर म्हणतच नाय. उठतो आन येतो. मी म्हणते, दादाची नजर गेली ती माझ्यापायी गेली."

"मग सांगून टाका ना त्यांना, मुद्दाम तिरका काढते म्हणून."

"सांगून काय उपेग? त्याच्या तोंडातून आलं पायजे."

आम्ही दोघी चहा घेऊन मागं गेलो. भाऊ भिंतीला पाठ लावून उभे होते. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, डोकं भिंतीला, डोळे मिटलेले. उंची मोजायला पोरं उभी राहतात तसे. बहिणीनं मला कोपरानं खुणावलं, माझ्या हातात तिचा कप दिला आणि मोबाईल काढून, तो वर करून, चांगला तिरका धरून फोटो काढला. भाऊंना पत्ता नाही. डोळे उघडून म्हणाले, "ठीक हाय. चहा झाला का?"

परतताना जीप भरलेली होती. आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. उन्हं उतरली होती, दोन्हीकडे ऊस आणि कापूस. भाऊ डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं आणि मग फोन माझ्यासमोर धरला.

तोच फोटो. भिंत मागं पडतेय, शेजारचा खांब पडतोय, दार पडतंय आणि मधोमध डोळे मिटलेले भाऊ, तेही मागं पडतायत. सगळं एका अंगाला, एकासंगं. याच्याइतका साधा फोटो आमच्या लॅबमध्ये उभ्या जन्मात आला नसेल. खाली बहिणीचा आवाज होता. मी ऐकला. "दादा, बघ बरं, आता काय पडायलंय?"

मला राहवलं नाही. दिवसभराचा शीण होता, माझा आवाज जरा चढलाच. "भाऊ, सगळं एकासंगं पडतंय की. तुम्हीसुद्धा पडताय. आत्ता तर त्या भिंतीला पाठ लावून आलात. सांगून टाका ना तिला एकदा."

"व्हय," ते म्हणाले. "दिसतंय मला."

त्यांनी फोन तोंडाजवळ नेला. बोलायचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं. जीपमधल्या त्या गोंगाटात मी कान देऊन होते. त्यांचे ओठ हलले. मग अंगठा उचलला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. मग त्यांनी फोन खिशात घातला आणि ड्रायव्हरच्या पाठीवर हात ठेवला.

"थांबव रं जरा."

"भाऊ, अहो!" मी त्यांची बाही धरली.

"तुम्ही व्हा पुढं, ताई. मी भिंत बघून येतो."

पिशवी घेऊन ते उतरले. जीप सुटली. मागच्या उघड्या बाजूनं मला ते दिसत होते, रस्त्याच्या कडेनं, खाली बघत, आल्या दिशेला झपझप चाललेले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि लगेच रडू आलं, आणि कशाचंच काही करता येईना. गाव फार लांब नव्हतं. दिवस मावळायच्या आत ते पोचले असते. ती पाय ओढत दारात आली असती, तिनं लांबूनच त्यांना ओळखलं असतं, आणि तिला वाटलं असतं, दादा सांगायलाच परत आलाय.